नोट्स काढताना डोकं कुठे असतं?

प्रिय मित्रा,

वहीच्या पानांचे फोटो पाहिले. अक्षर सुरेख आहे, फळ्यावरचं काहीही सुटलेलं नाही. तरी प्रश्न जरा फिरवून विचारला की तुझी गाडी अडते, याचं मला नवल वाटलं नाही.

साध्या लंबकाचं पान घे. दोलनकालाचं, म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणाऱ्या वेळेचं, सूत्र चौकटीत आहे, पण त्यात गोलकाचं वस्तुमानच नाही, हे तुला खटकलेलं दिसत नाही. समासात 'वस्तुमान कुठे गेलं?' एवढं खरडलं असतंस, तर पुढचा विचार करावाच लागला असता. गोलक जड असेल तर त्याला खेचणारं बल वाढतं, पण त्याला हलवायलाही त्याच प्रमाणात जास्त बल लागतं. म्हणून वस्तुमान सूत्रातून बाद होतं. शिवाय हे सूत्र कोन लहान असेल तरच चालतं. ही अट सर बहुधा नुसती बोलले असणार, कारण तुझ्या वहीत ती नाहीच.

लॅपटॉप घेऊ का, असं विचारलंयस. म्युलर आणि ओपनहायमर या मानसशास्त्राच्या संशोधकांच्या २०१४ मधल्या प्रयोगांत लॅपटॉपवाल्यांनी व्याख्यान बरंचसं शब्दशः टिपलं आणि संकल्पनांवरच्या प्रश्नांत ते हाताने लिहिणाऱ्यांच्या मागे पडले. पुढे इतरांनी तो प्रयोग पुन्हा केला, तेव्हा शब्दशः टिपणं तसंच दिसलं, गुणांतला फरक मात्र टिकला नाही. तेव्हा पेन धरलं की विचार होतो, या भ्रमात राहू नकोस. झेरॉक्स हातानेही काढता येते.

मायकेल फॅरेडे बुकबाइंडिंग शिकत होता तेव्हाची, १८१२ सालची गोष्ट. रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांना जाऊन तो टिपणं घ्यायचा आणि मग घरी सगळं आकृत्यांसह सविस्तर लिहून काढायचा. पुढे ती टिपणं बांधून त्याने डेव्हीला पाठवली, वर्षभरात त्याच्याच हाताखाली नोकरीही मिळाली. तू मात्र घरी करायचं ते काम टाळतोस.

तर संध्याकाळी वही मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही. आधी चिडचिड होईल, अर्धं आठवणारच नाही. पण कार्पिक आणि ब्लंट यांच्या २०११ च्या प्रयोगात विज्ञानाचा उतारा असाच आठवून लिहिणारे विद्यार्थी, तो समोर ठेवून संकल्पनाचित्रं (कल्पना रेषांनी जोडून दाखवणाऱ्या आकृत्या) काढणाऱ्यांपेक्षा आठवड्याने सरस ठरले, आणि तेही तर्काच्या प्रश्नांतसुद्धा. नंतर वही उघडून राहिलेलं भर.

पुढच्या वेळी असं एखादं पान पाठव, खाडाखोडीसकट.