चेतापेशीच्या आत बाहेरच्या तुलनेत उणे 70 मिलिव्होल्टचं विभवांतर येतं, ते सोडियम-पोटॅशियम पंपामुळेच ना?

पंपामुळेच, पण नेहमी सांगतात त्या हिशेबाने नाही. हा पंप म्हणजे पेशीच्या आवरणातलं, म्हणजे पेशीपटलातलं, आयन आत-बाहेर करणारं प्रथिन. 3 सोडियम आयन बाहेर, 2 पोटॅशियम आयन आत, म्हणजे दर फेरीला एक धनप्रभार बाहेर जातो आणि आतली बाजू ऋण होते: क्लासच्या नोट्समध्ये हेच सर्रास असतं. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, त्यामुळे उत्तरपत्रिकांतही हेच वाचतो. यातून थेट मिळतात जेमतेम काही मिलिव्होल्ट.

पंपाचं मुख्य काम साठा करून ठेवण्याचं. चेतापेशीच्या आत पोटॅशियम लिटरमागे साधारण 140 मिलिमोल, बाहेर 4. सोडियमचं याच्या उलट. विश्रांतीच्या वेळी पेशीपटलातले पोटॅशियमचे काही चॅनेल, म्हणजे आयन जाण्याच्या वाटा, उघड्या असतात, सोडियमच्या जवळपास बंद. म्हणून पोटॅशियम बाहेर झिरपतं. प्रथिनं, फॉस्फेट असे ऋण आयन मात्र आतच अडकतात. आतली बाजू ऋण होते आणि बाहेर निघालेल्या पोटॅशियमला मागे ओढू लागते. बाहेरचा ओघ आणि आतली ओढ जिथे बरोबरीला येतात, तो आकडा नेर्न्स्टच्या समीकरणाने (आतल्या-बाहेरच्या प्रमाणावरून विभवांतर देणारं सूत्र) काढा: 37 अंश सेल्सिअसला सुमारे उणे 95 मिलिव्होल्ट. थोडं सोडियम आत गळतंच, म्हणून प्रत्यक्षात उणे 70 च्या आसपास.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वेगळीच वाटते. एवढ्यासाठी किती पोटॅशियम बाहेर जावं लागतं? 20 मायक्रोमीटर व्यासाची गोल पेशी धरून हिशेब केला, तर साठ-पासष्ट हजार आयनांमागे एक! आतल्या 140 मध्ये फरकसुद्धा दिसणार नाही. विद्युतबल इतकं जबर असतं की प्रभारांची एवढीशी फारकत पुरते. शिवाय पटलाची जाडी फक्त 5 नॅनोमीटर. 70 मिलिव्होल्ट तेवढ्यात बसवले की मीटरमागे 1.4 कोटी व्होल्ट होतात. हवेत ठिणगी पडायला सुमारे 30 लाख लागतात.

म्हणूनच औषधाने पंप बंद पाडला, तरी जाड चेतातंतूतलं विभवांतर लगेच कोसळत नाही. साठा ओसरेल तसं हळूहळू उतरतं. उलट बाहेरचं पोटॅशियम 4 वरून 8 झालं, तर नेर्न्स्टचा आकडा उणे 95 वरून थेट उणे 77 च्या आसपास येतो, आणि हृदयाची लय बिघडू शकते. मूत्रपिंडं निकामी झालेल्या रुग्णाला डॉक्टर नारळपाणी वर्ज्य सांगतात, ते त्यातल्या पोटॅशियममुळे.