बाटली तापली, पण नक्की कशामुळे?

प्रश्न : मी माण तालुक्यातल्या एका शाळेत सहावी-सातवीला भूगोल आणि विज्ञान दोन्ही शिकवते. हवामान बदलाचा प्रयोग म्हणून व्हिडिओत बघून दोन बाटल्या घेतल्या, एकीत खायचा सोडा नि व्हिनेगर, दुसरी नुसती, दोन्हीत थर्मामीटर टाकून उन्हात ठेवल्या. पहिल्या दिवशी साधी बाटलीच जास्त तापली, दुसऱ्या दिवशी सोड्याची, तिसऱ्या दिवशी दोन्ही सारख्या. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "बाई, मग ते ग्लोबल वॉर्मिंग खोटंय का?" काय सांगू?

उत्तर : आधी त्या मागच्या बाकावरच्याला माझ्याकडून शाबासकी द्या. बाकीच्यांनी वहीत 'अनुमान' आधीच लिहून ठेवलं असणार, मीही वर्गात हेच करून घ्यायचो, खोटं कशाला बोलू.

त्या प्रयोगातच गडबड आहे. सोडा नि व्हिनेगर मिळून जो कार्बन डायऑक्साइड निघतो तो हवेपेक्षा जड, तो बाटलीत तळाला बसून राहतो, वरच्या हवेशी नीट मिसळत नाही, त्यामुळे आतली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो आणि पारा चढतो. त्याच्याजागी आर्गॉन भरला तरी जवळपास तसंच होतं, आणि आर्गॉन उष्णता अडवणारा वायू नाहीच मुळी. म्हणजे बाटली तापली तरी तुम्ही सांगताय त्या कारणानं तापलेली नसते, शिवाय एखादी बाटली जरा सावलीला सरकली की निकाल उलटा. १८५६ साली अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळकांड्यात कार्बन डायऑक्साइड भरून उन्हात ठेवला होता, तो जास्त तापला, आणि अशा वायूचं वातावरण पृथ्वीला गरम करेल हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. पण जमिनीतून परत निघणारी न दिसणारी उष्णता हे वायू शोषतात हे वेगळं मोजून दाखवायला १८५९ मध्ये जॉन टिंडलला खास यंत्र बनवावं लागलं. ते काम व्हिनेगरच्या बाटलीत कसं होणार?

मग दाखवायचं काय? तुमच्याकडे डिसेंबरची रात्र आहे ना. आभाळ निरभ्र असलं की पहाटे हुडहुडी भरते, आणि मध्येच दोन दिवस ढग आले की आजी म्हणते, "आज थंडी पळाली गं." ते का होतं? दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता वर सोडत असते, ढग आणि हवेतली वाफ त्यातली बरीचशी अडवून परत खाली पाठवतात. कार्बन डायऑक्साइड हेच करतो, फक्त तो दिसत नाही आणि सकाळी विरून जात नाही. पोरांना महिनाभर दोनच गोष्टी लिहायला सांगा, रात्री झोपताना चांदण्या दिसत होत्या का आणि पहाटे थर्मामीटर किती होता. मग चंद्राचं सांगा, तो सूर्यापासून आपल्याइतकाच लांब पण अंगावर हवेची गोधडी नाही, म्हणून दिवसा १०० अंशाच्या वर आणि रात्री शून्याखाली १०० च्याही खाली. आपली सरासरी १५ अंशाच्या आसपास, हे वायू नसते तर उणे १८ असती. गोधडी पाहिजेच, ती जाड होत चाललीय हा प्रॉब्लेम आहे. १९५८ साली हवाई बेटावर मोजायला लागले तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय.

दुसरं, पर्जन्यमापक. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली वरून कापा, तोंड उलटं करून नरसाळ्यासारखं आत बसवा. तळ खडबडीत असतो म्हणून खाली खडे घालून पाणी ओता आणि बाटलीच्या भिंती सरळ होतात तिथं शून्याची खूण करा, नाहीतर सगळी मापं चुकतात (हे मला दोन पावसाळे वाया घालवून कळलं). हवामान खातं सकाळी साडेआठला मोजतं, तुम्हीही साडेआठच धरा, शाळेशेजारी राहणाऱ्या एखादीला ड्युटी द्या.

आता मिलिमीटर म्हणजे काय हे सातवीच्या पोराला समजत नाही, पण टँकर समजतो, माणमध्ये तर फारच. एक मिलिमीटर पाऊस एका गुंठ्यावर पडला की साधारण १०० लिटर पाणी होतं, एकरावर ४ हजार. हवामान खातं अडीच मिलिमीटर किंवा जास्त पडला तरच तो 'पावसाचा दिवस' धरतं. अडीच मिलिमीटर म्हणजे एकराला १० हजार लिटरचा एक टँकर! हे गणित फळ्यावर एकदा करा, दुसऱ्या दिवशी पोरं आपापल्या रानाचे टँकर मोजून येतील.

तक्त्यात एक रकाना नक्षत्राचा ठेवा, मृग, आर्द्रा, पुनर्वसू. घरी आजोबा ते बोलतच असतात, तेही लिहू देत. फक्त दोन वर्षांच्या तक्त्यावरून 'हवामान बदललं' असं कुणाला म्हणू देऊ नका, आजचा पाऊस हा आजचा, हवामान म्हणजे निदान ३० वर्षांची सरासरी.

प्रश्न : माझ्या मुलाच्या शाळेत परीक्षेला "उन्हाळा का येतो" याचं उत्तर त्यानं "पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून" असं लिहिलं आणि बरोबरची खूण मिळाली. मला शंका आहे. (पुणे)

उत्तर : शंका रास्त आहे. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४.७ कोटी किलोमीटर, म्हणजे आपण शाल पांघरून हुरडा खात असतो तेव्हा. जुलैत सगळ्यात लांब, १५.२ कोटी. ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंश कललाय म्हणून. मुलाला क्रिकेटवरून सांगा, डिसेंबरात मेलबर्नला टेस्ट चालू असते तेव्हा प्रेक्षक टोप्या घालून घामाघूम असतात आणि आपण मॅच स्वेटर घालून बघतो, सूर्य तर दोघांना एकच. मग अंधारात कागदावर टॉर्च आधी सरळ आणि मग तिरका मारा, तिरका मारला की उजेडाचा गोल पसरतो आणि फिका पडतो, हिवाळ्यातलं ऊन असंच तिरकं. शिक्षकांशी भांडायला जाऊ नका, हा गोंधळ भल्याभल्यांचा आहे, पण वही घेऊन जाऊन शांतपणे दाखवा जरूर.

प्रश्न : ओझोनच्या भोकातून ऊन आत येतं म्हणून पृथ्वी तापते ना?

उत्तर : नाही. दोन वेगळी दुखणी आहेत, पोस्टर स्पर्धांनी त्यांचं लग्न लावून दिलंय. ओझोनचा थर अतिनील किरण अडवतो, तो अंटार्क्टिकावर विरळ झाल्याचं १९८५ मध्ये जाहीर झालं, फ्रिज आणि स्प्रेमधल्या वायूंमुळे, आणि १९८७ च्या माँट्रिअल करारानं त्या वायूंवर बंधनं आली, थर हळूहळू भरतोय. तापमानवाढ होते ती मुख्यतः कोळसा-पेट्रोल जाळून.

प्रश्न : सातवीची सहल वाईमार्गे महाबळेश्वरला चाललीय. हवेच्या दाबाचं काही करता येईल का?

उत्तर : भरपूर! वाईत चिप्सची पाकिटं घ्या आणि फोडू नका, पसरणी घाट चढून जाईपर्यंत ती फुगून टम्म होतात. बाहेरचा दाब कमी झाला, आतली हवा तेवढीच राहिली. वाईत आणि वर पोचल्यावर थर्मामीटर बघा, साडेसहाशे मीटरच्या चढाला साधारण चार अंशांचा फरक पडायला हवा, ऊन-ढगांनी थोडा इकडेतिकडे होईल. वर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि खाली वाईत त्याचा पाव हिस्साही नाही, वारा ढग घेऊन कोकणातून वर चढतो, तिथंच रिकामा होतो. पर्जन्यछाया हा शब्द त्या वळणावर गाडी थांबवून सांगा, वर्गात सांगून उपयोग नाही.

परतताना महाबळेश्वरला पाण्याची एक पातळ प्लास्टिकची बाटली पूर्ण रिकामी करून झाकण घट्ट लावा आणि बॅगेत ठेवून द्या. वाईला उतरल्यावर काढा, चेपलेली असेल. झाकण हळू उघडलं की हवा आत घुसताना बारीक फुस्स ऐकू येतं, गाण्यांच्या गोंगाटात ते येणार नाही म्हणून ड्रायव्हरकाकांना दोन मिनिटं टेप बंद करायला सांगा.