जूनमध्ये न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर, शिनेकॉक हिल्सला गोल्फची यूएस ओपन आहे. मागच्या वेळी तिथे विजेताच पारच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या फटक्यांच्या, वर होता. मग अशी स्पर्धा बघायची कशाला? आणि यंदा जिंकणार कोण?

"बघायची कशाला" हे मी आठ वर्षं घरातच ऐकतोय, म्हणून आधी त्याचं उत्तर देतो. जिंकणार कोण ते शेवटी.

१७ जून २०१८, रविवार. मी आणि आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, सकाळी लाँग आयलंड रेल्वेनं निघालो. कोर्सला लागून त्या आठवड्यापुरतं तात्पुरतं स्टेशन उभं केलं होतं. उतरलं, पूल ओलांडला की आत. दाजींना शेवटच्या, अठराव्या होलच्या स्टँडमध्ये जागा धरायची होती. मी हट्टानं त्यांना अकराव्याच्या ग्रीनपाशी, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीपाशी नेलं, आणि भांडण तिथेच झालं.

अकरावा होल कागदावर अगदी किरकोळ वाटतो. १५९ यार्डांचा पार थ्री, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा, अख्ख्या कोर्सवरचा सगळ्यात आखूड. पण शॉट चढावर मारायचा, ग्रीन मागून पुढे उतरतं, पुढे खोल बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, आणि मागे घसरण नि दाट गवत. जुनी मंडळी त्याला गोल्फमधला सगळ्यात आखूड पार फाइव्ह म्हणतात ते उगाच नाही.

ब्रूक्स केप्का आला, शेवटी जिंकला तोच. त्याचा टी शॉट, म्हणजे होलचा पहिला फटका, ग्रीनच्या पलीकडे, थेट गवतात. तिथून चेंडू काढला, तर तो ग्रीनवर थांबलाच नाही, घरंगळत समोरच्या बंकरमध्ये गेला. आमच्या भोवतीचा घोळका चिडीचूप. वाळूतून मारलेला तिसरा शॉट पिनपासून, म्हणजे भोकातल्या झेंड्यापासून, बारा-तेरा फुटांवर थांबला. हा पट, म्हणजे ग्रीनवरून चेंडू भोकात ढकलायचा फटका, चुकला तर डबल बोगी (बोगी म्हणजे पारपेक्षा एक फटका जास्त, डबल म्हणजे दोन), आणि दिवस हातचा जाणार. पट पडला. बोगी. लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. मीही.

दाजी म्हणाले, "बोगीला टाळ्या? अरे, ही कसली चॅम्पियनशिप? कोर्सच बिघडवून ठेवलाय, मग खेळणारे काय करतील!"

मी म्हटलं, "दाजी, तुम्ही आत्ता जे बघितलंत त्यावर ही स्पर्धा ठरणार आहे."

शब्दाला शब्द वाढला. दाजी मधलीच गाडी पकडून परत गेले. केप्का चार दिवसांत मिळून २८१ फटक्यांवर संपला, एक ओव्हर, म्हणजे पारपेक्षा एक जास्त. टॉमी फ्लीटवूडनं त्या दिवशी ६३ मारले होते, तो २८२ वर. फरक एका शॉटचा. तो शॉट कुठे वाचला ते मी वीस पावलांवरून पाहिलंय, आणि दाजींनी टाळ्यांकडे पाठ केली होती. तेव्हापासून दर गणपतीला आरती झाली की हा विषय निघतो. बाकीचे मोदकांकडे वळतात, आम्ही दोघं अकराव्या होलवर.

माझं मत सरळ आहे. सव्वीस अंडरनं, म्हणजे पारपेक्षा सव्वीस फटके कमी घेऊन, जिंकलेल्या स्पर्धेतलं मला काही आठवत नाही. चौथ्या डावात, फुटलेल्या खेळपट्टीवर काढलेल्या चाळीस धावा ज्याला कळतात त्याला शिनेकॉक कळतं. गेल्या वर्षीच्या यूएस ओपनमध्ये ओकमाँटला जे. जे. स्पॉननं रविवारी पहिल्या सहा होलमध्ये पाच बोगी केल्या आणि तरी तोच जिंकला. अठराव्यावर ६४ फुटांचा पट घातला तो सगळ्यांना आठवतो, पण त्या पाच बोगींनंतर तो कोलमडला नाही हे जास्त मोठं. आणि सगळ्या खेळाडूंत पारच्या खाली तो एकटा होता.

शिनेकॉकवर झाडांचा आडोसा जवळपास नाही. दक्षिणेला अटलांटिक, उत्तरेला पेकॉनिक बे, आणि कोर्सची आखणी करणाऱ्या विल्यम फ्लिननं १९३१ साली होल असे वेगवेगळ्या दिशांना वळवले की वारा कधी पाठीवर, कधी तोंडावर. फेअरवे, म्हणजे ग्रीनपर्यंत नेणारे कापलेल्या गवताचे पट्टे, रुंद दिसतात म्हणून फसू नका. चुकीच्या बाजूनं आलात तर ग्रीन चेंडू धरत नाही. १९८६ मध्ये रे फ्लॉइड एक अंडर, १९९५ मध्ये कोरी पेव्हिन बरोबर पार, २००४ मध्ये रेटीफ गूसन चार अंडर, २०१८ मध्ये केप्का एक ओव्हर. चाळीस वर्षांत विजेत्याला यापलीकडे काही मिळालेलं नाही.

आता दाजींच्या बाजूचंही सांगतो, कारण ते पूर्ण चूक नाहीत. २००४ च्या रविवारी सातव्याचं ग्रीन इतकं वाळलं होतं की चेंडू टिकेना, आणि दोन गटांच्या मध्ये त्यावर पाणी मारावं लागलं. त्या दिवशीची सरासरी ७८ च्या वर गेली, पारच्या खाली एकही जण नाही. २०१८ च्या शनिवारी दुपारी तेराव्या आणि पंधराव्यावरच्या पिनांचंही तेच. चांगल्या शॉटलाही फळ मिळालं नाही, हे स्पर्धा भरवणाऱ्या यूएसजीएनं त्याच संध्याकाळी मान्य केलं. फिल मिकेलसननं तेराव्यावर घरंगळणाऱ्या चेंडूला धावत जाऊन परत मारलं ते त्याच दुपारी. दोन शॉटचा दंड, त्या एका होलवर दहा फटके. तो शनिवार चुकलाच. पण आमचं भांडण रविवारचं आहे. रविवारी ग्रीनवर पाणी होतं, पिनाही सोप्या होत्या, आणि अकरावा तरीही अकरावाच होता.

बरं, जिंकणार कोण. स्कॉटी शेफ्लरला चारही मेजर, म्हणजे गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा, पूर्ण करायला फक्त हीच उरली आहे, आणि शेवटचा दिवस, २१ जून, त्याचा तिसावा वाढदिवस. लोंबकळलेली फेरी तो सावरतो, म्हणून माझं पहिलं नाव तोच. दुसरं फ्लीटवूड. पण त्याच्या ६३ वर फार विसंबू नका, ते पाणी मारलेल्या ग्रीनवरचे आहेत. नुसत्या लांब मारणाऱ्यावर मी पैसे लावणार नाही. डस्टिन जॉन्सन २०१८ ला दोन दिवसांनंतर चार शॉटनं पुढे होता, पारच्या खाली तो एकटाच, आणि शनिवारी ७७ मारून बसला. वारा पडला आणि आदल्या रात्री पाऊस झाला, तर यातलं सगळं बदलू शकतं.

भारतातून बघणार असाल तर रविवारचा शेवट तुमच्याकडे सोमवारी पहाटे चारच्या पुढे जाईल. जागा, पण फक्त अठराव्यासाठी नाही. आघाडीचा गट अकराव्याच्या टीवर येईल तेव्हा चहा ठेवायला उठू नका.

दाजी यंदा आमच्याकडेच उतरणार आहेत. शेवटचा पट पडल्यानंतरचीच गाडी पकडायची, हे मी ताईसमोर त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.