तांब्याला कळंक, लोखंडाला गंज

रसायनशास्त्राच्या एका शिक्षिकांनी विचारलं आहे: बारावीची मुलं प्रयोगवहीत ‘तांब्यावरील हिरवा गंज’ असं लिहितात, तर गुण कापावेत का? की सरसकट ‘क्षरण’, म्हणजे हवा-पाण्याने धातू झिजणं, असं लिहायला सांगावं?

गंज लोखंडाचा. तांब्यापितळेचा नव्हे. पाण्याच्या तांब्याच्या बाटल्या घरोघरी आल्यापासून ‘बाटलीला आतून गंज आलाय’ हे वाक्य इतक्यांदा ऐकतो की कान किटले. विदर्भात तर गंज म्हणजे पातेलं. तिथे ‘तांब्याचा गंज’ म्हटलं तर लोक त्यात वरण शिजवतील. आणि ‘क्षरण’ ही क्रिया झाली. भांड्यावर जे बसतं त्या पदार्थाचं नाव त्यात येत नाही. ते नाव मराठीत आहे: कळंक.

आजी म्हणायची, “कल्हई उडालीय त्या पातेल्याची, ताक ओतू नका, कळकेल.” कळकणे हे क्रियापद या कळंकाचं. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळेत राहिला की त्यातल्या आम्लात पितळेतलं तांबं उतरतं. मग जिभेच्या कडेला तुरट, धातूसारखी चव लागते आणि पोटात ढवळतं. प्रयोगशाळेत तांब्याचा आयन, म्हणजे द्रावणात उतरलेला त्याचा विद्युतभारित कण, ओळखायला अमोनिया लागतो. आजीला ताकाचा एक घोट पुरायचा. ‘क्यूप्रिक, म्हणजे तांब्याच्या, आयनांमुळे दूषित झालेलं ताक’ एवढा सगळा अर्थ ‘कळकलेलं’ या एका शब्दात बसवणारी दुसरी भाषा मला माहीत नाही.

इथे काही कोशप्रेमी हटकून अडवतात. संस्कृत कोशांत ‘कलंक’ शब्दाचा एक अर्थ लोखंडाचा मळ असा दिला आहे, तेव्हा गंज आणि कळंक एकच, असं त्यांचं म्हणणं. संस्कृतात असेल. मराठीने मात्र या शब्दाची वाटणी केली: अब्रूवर पडतो तो कलंक, भांड्यावर चढतो तो कळंक, आणि लोखंडाला फारसीतला ‘झंग’ दिला. या झंगाचा गंज कसा झाला? माझ्या मते अक्षरांची अदलाबदल होऊन, नुकसानचं नुस्कान होतं तसं. त्याच घराण्यातला ‘झंगार’ मराठीत ‘जंगाल’ होऊन आला, आणि तो तांब्याच्या हिरव्या रंगासाठी. म्हणजे उसन्या शब्दांतसुद्धा मराठीने लोखंड आणि तांबं वेगळं ठेवलं. इतकी नीट लावलेली घडी आपण का विस्कटावी?

आता ‘कळकट’. काळा या शब्दावरून तो आला असं सांगतात, ते मला मुळीच पटत नाही. कळकट वस्तू काळीच असते असं कुठे आहे? कळकट भांडं, कळकट समई, कळकट घंटा असं म्हणून बघा. न घासलेल्या पितळेचा तो हिरवट, चिकट, मेणचट थर डोळ्यांपुढे येतो. कपड्यांना आणि माणसांना हा शब्द मागाहून लागला असणार. ‘कळकट-मळकट’ या जोडीतला ‘मळ’ कपड्याचा असेल, तर ‘कळ’ भांड्याचा. मी हे गेली कित्येक वर्षं सांगतो आहे आणि अजून कुणी मुद्देसूद खोडलेलं नाही.

रसायनालाही हा भेद मान्य आहे. गंजाचे पापुद्रे सुटतात, खालचं लोखंड उघडं पडतं आणि पुन्हा गंजतं. दमट हवेत तांब्यावर चढणारा थर बहुतांशी बेसिक कॉपर कार्बोनेटचा. तो घट्ट बसतो आणि आतलं तांबं राखतो. जुन्या घागरीच्या काठावरचा चिमूटभर कळंक खरवडून व्हिनेगरमध्ये टाका. बारीक बुडबुडे येतील आणि पाणी निळसर होईल. त्यात थेंब थेंब अमोनिया घाला: आधी फिकट निळा साका, म्हणजे न विरघळणारा गाळ, धरेल, मग तो विरघळून इतका गर्द निळा रंग येईल की परीक्षानळीच्या पलीकडचं बोट दिसणार नाही. गंजातला लोखंडाचा फेरिक आयन असता तर तांबूस-तपकिरी साका आला असता आणि कितीही अमोनिया ओतला तरी तसाच राहिला असता. तांबं आणि लोखंड दोन्ही संक्रमण मूलद्रव्यं, म्हणजे आवर्तसारणीच्या मधल्या पट्ट्यातले धातू, दोघांचे आयन रंगीत, पण रंग आपापले. पितळेत जस्तही असतं, पण कळंकाच्या हिरवेपणात त्याचा वाटा नाही. जस्ताच्या आयनाच्या डी-कक्षकांत, म्हणजे इलेक्ट्रॉन राहण्याच्या एका प्रकारच्या जागांत, 10 इलेक्ट्रॉन, म्हणजे जागा पूर्ण भरलेली, म्हणून रंग नाही. तांब्याच्या क्यूप्रिक आयनात 9, आणि त्या एका रिकाम्या जागेमुळे हा सारा निळा-हिरवा खेळ.

गुणांचं विचारलं होतं. अर्धा कापा, आणि समासात ‘कळंक’ असं स्वच्छ अक्षरात लिहून द्या.