-१ पण बेरजेत गेला की!

प्रश्न: मी पायथॉन शिकतेय. युजर एकेक आकडा टाकत जाणार, -१ टाकला की थांबायचं आणि सरासरी दाखवायची, एवढाच प्रोग्राम आहे. १०, २०, ३० आणि मग -१ टाकलं तर २० यायला पाहिजे ना, पण येतंय १४.७५. संख्या, बेरीज, मोजणी तिन्ही ० पासून सुरू केलंय, व्हाइल लूपची (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारा) कंडिशन 'संख्या -१ नसेल तोवर' अशी आहे, आत इनपुट घेते, बेरजेत मिळवते, मोजणी एकने वाढवते. चुकतंय कुठे?

उत्तर: ते .७५ बघा, चोर तिथेच सापडतो. पूर्ण आकड्यांच्या बेरजेला ३ ने भागून .७५ कधीच येणार नाही, म्हणजे भागाकार ४ ने झालाय. चौथा कोण, तर तुमचा -१. बेरीज ६० ची ५९ झाली, मोजणी ३ ची ४. (सी भाषेत सगळे इंट, म्हणजे पूर्णांक, ठेवून हेच केलं असतंत तर नुसतं १४ आलं असतं आणि हा पुरावाही गेला असता.)

कारण असं की कंडिशन फक्त प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला तपासली जाते, फेरी चालू असताना मध्येच नाही. -१ आत आला, मिळवला गेला, मोजला गेला आणि मग वर जाऊन लूप थांबला, तोवर उशीर झालेला. काहीजण शेवटी बेरजेत १ मिळवतात आणि मोजणीतून १ काढतात, उत्तर बरोबर येतं पण कृपा करून असलं ठिगळ लावू नका.

पहिला इनपुट लूपच्या आधीच घ्या. आत गेल्यावर आधी बेरीज, मग मोजणी, आणि पुढचा इनपुट सगळ्यात शेवटी, म्हणजे आकडा आला की लगेच कंडिशनसमोर उभा राहतो. नाहीतर व्हाइल ट्रू (आपणहून न थांबणारा लूप) लिहून इनपुटच्या खालच्याच ओळीत -१ साठी इफ आणि लूपमधून बाहेर काढणारा ब्रेक टाका, मला तरी हे वाचायला सोपं वाटतं.

आता युजरने पहिल्याच फटक्यात -१ टाकला तर? मोजणी ०, आणि पायथॉन झीरोडिव्हिजनएरर (शून्याने भागल्याची चूक) देऊन मोकळा. भागण्याआधी इफ लावाच. आणि तापमानासारखे आकडे असतील तर -१ हा खराच आकडा असू शकतो, तिथे नुसतं एंटर मारलं की थांबायचं असं ठेवा, फक्त इनपुट रिकामा आहे का ते फ्लोटमध्ये (दशांश संख्येत) बदलायच्या आधी तपासा, नंतर तपासलंत तर व्हॅल्यूएरर येईल.