‘सरळ मिलिटरीत टाकायला हवं या पोरांना!’

भरतीच्या परीक्षांचे निकाल लागले की माझ्याकडे दादरला समुपदेशनासाठी येणाऱ्या आईवडिलांची संख्या वाढते. परीक्षा बँकेची असो, रेल्वेची असो की पोलीस भरती असो. बोलणं कुठूनही सुरू झालं तरी अर्ध्या तासात ते वाक्य येतंच. “मॅडम, सरकारने सैन्यात सक्ती करायला हवी. दोन वर्षं काढली की सुतासारखी सरळ होतील ही पोरं.”

हे वाक्य मी कधी उडवून लावत नाही. बोलणाऱ्याच्या मनात मुलाबद्दल राग असतो त्यापेक्षा धास्ती जास्त असते. आपण निवृत्त होऊ तेव्हा हा कुठे असेल, याची धास्ती. त्यामुळे सैन्यातल्या सक्तीने मुलं सरळ होतील का, या प्रश्नाचं उत्तर एका घराच्या अनुभवातूनच द्यावं असं वाटलं. त्या घराची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर लालबागचं. चाळ पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीतलं. आजोबा गिरणीत होते, वडील महापालिकेत, निवृत्तीला थोडाच काळ उरलेला. मुलगा चोविशीचा, बी.कॉम. झालेला. बँकेच्या परीक्षेत दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचला आणि दोन्ही वेळा तिथेच अडकला. त्यानंतर त्याने अर्ज भरणंच सोडलं.

वडील एकटेच आले होते. “मी पाचला उठून पाणी भरतो आणि हा अकरापर्यंत लोळतो. रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईल. इस्राएलमध्ये मुलींनासुद्धा जावं लागतं सैन्यात. कोरियात आहे, सिंगापूरमध्ये आहे. आपल्याकडेच काय अडलंय?”

त्यांची माहिती खरी होती. सिंगापूरमध्ये १९६७ पासून मुलांना सक्तीची सेवा आहे, आता ती दोन वर्षांची, दक्षिण कोरियात भूदलात १८ महिने. पण त्या खोलीत मी वाद घातला नाही. वादात वडील हरले असते तरी मुलाच्या हाती काहीच लागलं नसतं. मी एवढंच म्हणाले, “त्याला पाठवा. आणि मिलिटरीचं काही बोलू नका.”

मुलगा आला तो खुर्चीच्या कडेवर बसला. अशा मुलांना मी स्वप्नं विचारत नाही, ध्येय तर मुळीच नाही. मी फक्त काल विचारते.

“काल दिवसभरात काय काय केलंस?”

“काही नाही.”

“किती वाजता जाग आली?”

बराच वेळ तो गप्प होता. “जाग तशी सहालाच येते. पण उठत नाही.”

“मग?”

“सकाळी सगळे डबे घेऊन निघतात. बाबा, ताई, समोरचे काका, खालचा माझ्याच वर्गातला मुलगा. त्या वेळी जिन्यात दिसायला नको वाटतं. सगळे गेले की उठतो.”

वडिलांना जो आळस दिसत होता, तो हा होता. सहा ते अकरा हा मुलगा डोळे मिटून जागा असायचा. ज्या मुलाला जागं असण्याचीच शरम वाटते, त्याला बिगुल वाजवून उठवलं तर तो उठेल, यात शंका नाही. बिगुल थांबला की त्याची सकाळ मात्र पुन्हा तशीच असेल.

इथे माझा कल सांगते. माझ्या व्यवसायातले बरेच जण अशा वेळी माणसाच्या विचारांपासून सुरुवात करतात. मी दिवसापासून करते. हे मी समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा यांच्याकडून घेतलं. व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाच्या गावात कापडाची गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गावाचा अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. हाताशी रिकामा वेळ एवढा, तरी वाचनालयातून नेलेल्या पुस्तकांची संख्या घटली होती. रस्त्याने चालणारे पुरुष सावकाश चालायचे, अधूनमधून उगाच थांबायचे. पुढे याहोदांनी मांडलं की नोकरी पगाराबरोबर आणखी बरंच काही देते. दिवसाला बांधणी देते, घराबाहेरची माणसं देते, सगळ्यांनी मिळून करायचं काम देते, चारचौघांत जागा देते. पगार थांबला की हेही सगळं थांबतं. आणि गिरणगावात वाढलेल्या माणसाला यासाठी ऑस्ट्रियाला जायची गरज नाही.

सैन्याचं नाव घेणारे आईवडील नेमकं हेच मागत असतात, हे माझ्या लक्षात आलं. त्यांना मुलाच्या हाती बंदूक नको असते. त्याला दिवस मिळावा, एवढंच त्यांना हवं असतं. मग प्रश्न उरतो तो असा की हा दिवस सक्तीने देता येतो का.

त्याचं उत्तर माझ्यापेक्षा चांगलं मुलाच्या मामांनी दिलं. वडिलांनी त्यांना मुद्दाम साताऱ्याहून बोलावून घेतलं होतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले हवालदार. मामांच्या तोंडून दोन कडक शब्द ऐकले की मुलगा ताळ्यावर येईल, असा वडिलांचा हिशेब. मी सगळ्यांना एकत्र बसवलं.

मामा म्हणाले, “दाजी, आमच्या पलटणीत प्रत्येक जण स्वतःच्या पायाने आलेला. भरतीत धावून, कुणी दोनदा नापास होऊन, परत येऊन. रात्री पहाऱ्याला माझ्या शेजारी धरून आणलेला माणूस उभा केला असता, तर मला झोप लागली नसती.”

वडील काही बोलले नाहीत. मुलाने पहिल्यांदाच आपणहून तोंड उघडलं. “मामा, तुम्हाला पहाटे उठायचा कंटाळा नाही यायचा?”

“यायचा की! थंडीत तर लई यायचा. पण मी नसलो तर लगेच कळायचं ना. रांगेत माझी जागा मोकळी दिसायची.”

मी तिथेच थांबवलं आणि मुलाला विचारलं, “सकाळी सात वाजता तू नसलास, तर मुंबईत कुणाला कळतं?”

तो म्हणाला, “कुणालाच नाही.” मग हळूच, “असलो तर कळतं. नसलो तर नाही.”

आई रडायला लागली. पण खरी अनपेक्षित गोष्ट नंतर घडली. वडील खाली बघत सांगू लागले. गिरण्यांचा संप झाला तेव्हा ते शाळेत होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, त्यानंतर आजोबांना परत कामावर घेतलं नाही. तरी आजोबा रोज डबा घेऊन वेळेवर बाहेर पडायचे. ते कुठे जातात, ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं. एकदा शाळा लवकर सुटली तेव्हा वडिलांनी त्यांना बागेत बाकावर डबा उघडताना पाहिलं. ते मागच्या मागे फिरले आणि आजवर हे कुणाला बोलले नव्हते.

“याला झोपलेला बघितला की मला ते बाक दिसतं,” ते म्हणाले.

आजोबा डबा घेऊन बाहेर पडायचे, नातू डबे निघून जाईपर्यंत डोळे मिटून पडायचा. दोघांची शरम एकच. त्या दिवशी मुलाने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढला नाही. एका वाक्यापाशी योग्य वेळी थांबलं की घर स्वतःच बोलू लागतं, हे मी या कामात पुन्हा पुन्हा अनुभवलं आहे, आणि तसं थांबणं मला जमतं याचं समाधान वाटतं.

पुढचं काम साधं होतं. त्याची जागा मोकळी दिसेल असं एक ठिकाण शोधायचं, सकाळचं. तो कॉलेजात असताना कबड्डी खेळायचा. परळ-लालबागला कबड्डीच्या मंडळांची कमी नाही. तिथे लहान मुलांचा सराव सकाळी साडेसहाला घ्यायचं त्याने ठरवलं. ठरवलं त्यानेच, मी नाव सुचवलं नव्हतं. “फुकटचं काम,” असं वडील म्हणणार होते, पण मामांनी डोळ्याने दटावलं. पहिल्या पावसात तो गेला नाही, तर दहा वर्षांचा एक खेळाडू जिना चढून दाराशी आला, “दादा, आज नाही?” दुसऱ्या दिवशी तो छत्री घेऊन निघाला, डबे घेऊन कामाला निघालेल्यांच्या गर्दीतून.

आता सक्तीबद्दल, कारण तुमच्यापैकी अनेकांचा प्रश्न तोच आहे. आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमात सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावायची मुभा सरकारला आहे, फक्त धर्म, वंश, जात वा वर्ग यांवरून त्यात भेदभाव करता येत नाही. म्हणजे आड कायदा येत नाही, आकडा येतो. देशात दरवर्षी दोन कोटींहून अधिक मुलंमुली अठराव्या वर्षात पाऊल टाकतात आणि आपली तिन्ही दलं मिळून साधारण १४ लाखांची. सगळ्यांना घेणं अशक्य. फक्त बेकारांना घ्यायचं म्हटलं, तर नोकरी न मिळणं हा गुन्हा आणि सैन्य ही शिक्षा ठरेल. सैनिकाच्या घरातला कुणीही हे मान्य करणार नाही. इस्राएल, कोरिया, सिंगापूर यांनी सक्ती केली ती संरक्षणासाठी. बेकारीवर उपाय म्हणून नव्हे.

सक्तीच्या सेवेनंतर नोकरी सोपी होते, असंही गृहीत धरू नका. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या काळात चिठ्ठ्या काढून तरुणांना बोलावलं जाई. त्या चिठ्ठ्यांचा आधार घेऊन अर्थशास्त्रज्ञ जोशुआ अँग्रिस्ट यांनी १९९० मध्ये दाखवलं की सेवा केलेल्या गोऱ्या तरुणांची कमाई १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, सेवा न केलेल्यांपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी होती. बाहेर अनुभव जमवायची वर्षं हातातून गेलेली. आपल्याकडेही चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजात एनसीसी सक्तीची केली होती. १९६८ मध्ये ती ऐच्छिक करावी लागली.

याचा अर्थ सैन्य वाईट, असा काढू नका. ज्याला आतून जायचं आहे त्याला जरूर जाऊ द्या, फक्त वेळेवर. अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली तेव्हा वय साडेसतरा ते २१ ठेवलं होतं. सेवा चार वर्षांची आणि त्यापुढे कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के. चोविशीच्या मुलाला “अग्निवीर हो” म्हणणारे वडील मला नेहमी भेटतात. त्यांनी ही वयाची अट आधी वाचावी. प्रादेशिक सेनेत नोकरी सांभाळून ४२ पर्यंत जाता येतं.

आणि घरी एवढं करा. मुलाला उद्या काय करणार असं विचारू नका, काल काय झालं ते विचारा, आणि उत्तर ऐकून सल्ला देऊ नका. पाहुण्यांसमोर त्याच्या नोकरीचा विषय काढू नका. सकाळी उठवणारा माणूस शक्यतो घरातला नसावा. बाहेर त्याची वाट बघणारं कुणी आहे का ते बघा, नसेल तर तसं ठिकाण त्याला स्वतःला निवडू द्या. पगार त्यानंतर. झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे बिघडलेली असेल, जगण्याचा कंटाळा आल्याचं तो बोलत असेल, तर मात्र थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि दिवसरात्र चालतो.

या मुलाने कबड्डीनंतर काही महिन्यांनी २०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत नाव घातलं. पदवीधराला महिना १०,००० रुपये, मुदत ठरावीक. मुदत संपली तेव्हा हातात कायमची नोकरी नव्हतीच. पण हिशेब ठेवण्याचं काम हाताला बसलं होतं, त्या जोरावर आता तो एका सीएंच्या ऑफिसात जातो आणि बँकेचा अर्ज पुन्हा भरला आहे.

वडील आता लवकरच निवृत्त होतील. निवृत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यात सकाळी सात ते अकरा कुठे असणार, ते लिहून आणायला मी त्यांना सांगितलं आहे. कागद अजून आलेला नाही.