पाणी देऊनपण ऊस वाळतोय? युरियाचं पोतं उचलायच्या आधी हे वाचा

शिरोळ तालुक्यातनं सारखा एकच प्रश्न येतोय, चार दिवसांपूर्वी पाणी दिलंय तरी ऊस दुपारी मान टाकतोय, खालच्या पानांची टोकं करपलीत, दुकानदार म्हणतोय युरिया वाढवा आणि टॉनिक मारा, टाकू का? टाकू नका.

मुळाशी पाणी आहे पण त्यात क्षार एवढे झालेत की मुळांना ते ओढताच येत नाही, म्हणजे ओल्या रानात ऊस दुष्काळ भोगतोय. मग तो पर्णरंध्रं मिटून घेतो, पेशीत प्रोलीन नावाचं अमिनो आम्ल साठवून पाणी खेचायला बघतो, आणि कोवळी पानं वाचावीत म्हणून सोडियम जुन्या पानांत ढकलतो, म्हणून करपणं खालनं सुरू होतं. ह्यात ताकद जाते आणि कांड्या आखूड पडतात. अशा उसाला जादा युरिया म्हणजे मिठात मीठ. ऊस क्षाराला नाजूकच, मातीची क्षारता १.७ डेसीसायमन प्रति मीटरच्या (माती तपासणीच्या रिपोर्टात ईसी लिहितात ती) वर गेली की एकरी उतारा घटायला लागतो.

सकाळी रानात जाऊन वरंब्याचा माथा बघा. राखेसारखा पांढरा थर दिसला तर जमीन क्षारपड. ओली असताना साबणासारखी बुळबुळीत आणि वाळली की दगड, तर चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेली जमीन. जिप्सम (कॅल्शियमवालं भूसुधारक) चोपणाला, सामू म्हणजे पीएच ८.५ च्या वर असेल तरच आणि तेपण माती तपासून निघेल तेवढंच. नुसत्या क्षारपड रानात जिप्सम टाकून काही होत नाही, दुकानदार मात्र दोन्हीला तेच पोतं देतो. तिथं आधी निचरा. चर काढा, जमलं तर शेजारच्यांना घेऊन सच्छिद्र पाइप टाका, मग गोड्या पाण्यानं क्षार धुवा. निचरा नसताना पाणी वाढवलं की क्षार परत वर येतात, हे मी किती रानात बघितलंय. आणि लागणीआधी धैंचा, म्हणजे हिरवळीच्या खताचं पीक, कराच, एकरी २० किलो बी, ४५ दिवसांनी फुलावर यायच्या टायमाला गाडायचा. ह्यात मी तडजोड करत नाही.

हातकणंगल्याच्या माळावरनं विचारलंय, पाणी लांबलंय, पानं गुंडाळतायत. घाबरू नका, पान गुंडाळून ऊस पाणी वाचवतोय. पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, जाळू नका, सरीत पसरा. युरिया २ टक्के आणि पोटॅश २ टक्के, म्हणजे लिटरला २०-२० ग्रॅम, फवारा, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. डबल डोस मारू नका, पान जळतं, कोण कितीपण सांगू दे. क्षारपड रानात साधं लाल पोटॅश नको, त्यात क्लोराइड असतं, सल्फेटवालं घ्या.

ठिबकला सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा, अल्प-अत्यल्प भूधारकांना केंद्राच्या योजनेत ५५ टक्के अनुदान, बाकीच्यांना ४५.

माती तपासायला आणताना खताच्या रिकाम्या पोत्यात भरू नका, रिपोर्ट चुकतो. स्वच्छ कापडी पिशवीत अर्धा किलो आणा, आणि खत टाकायच्या आधी काढलेली.